बायकांच्या पाण्याची वेळ

७ एप्रिल १९५१, पाडवा. नालछा

सकाळी जलकोठीच्या दारात गुढी उभारली आणि पाटी ठोकली. ‘जलकोठी विश्रामधाम. सहकुटुंब राहण्याची सोय. तीन कुंडे, तेलमालिश, वाफारा, सात्त्विक भोजन.’ विठोबाने पाटी तिरकी ठोकली आहे. मी दोनदा सांगितले, तो दोनदा "हो सरकार" म्हणाला, पाटी तिरकीच आहे.

वही नवी आहे, म्हणून मुळापासून लिहितो. धार संस्थान विलीन झाले आणि मी बावीस वर्षे सांभाळलेला पाहुणेखाना एका दुपारी बंद झाला. मी तिथला मेहमानदार. आलेल्या पाहुण्याला काय हवे ते त्याने मागण्याआधी ओळखणे, हे माझे काम. पलंग, आरसे, गालिचे लिलावात गेले. मी फक्त दारावरचा पितळी तास घेतला, कारण तो दुसऱ्या कोणी नीट वाजवला नसता.

मग तीन वर्षे अर्ज करण्यात गेली. शेवटी महसूल खात्याने तळ्याकाठची ही ओस कोठी वर्षाच्या बोलीवर दिली. सहा खोल्या आणि तळ्याच्या पाटाने भरणारी तीन कुंडे. अट एकच: वर्षअखेर पाहुणेवहीत तीनशे जणांची नावे दिसली तर पट्टा पुढे दहा वर्षे. नाहीतर कुंडे बुजवून इथे धान्याचे गोदाम, आणि आम्ही उभयतां इंदूरला पुतण्याच्या जिन्याखालच्या खोलीत.

श्रींची कृपा, खात्याचे उपकार आणि ज्यांच्या पदरी मेहमानदारी शिकलो त्यांचे स्मरण. आजच्या दिवशी आणखी काय हवे?

११ एप्रिल

पाहुणे: शून्य. विठोबा रोज तिन्ही कुंडे घासतो. हा पूर्वी राजवाड्याच्या न्हाणीघरात होता. त्याच्या हातच्या मालिशीने मोठमोठ्या सरदारांना खुर्चीत झोप लागलेली मी पाहिली आहे. "रिकाम्या कुंडाला इतके काय घासतोस?" म्हणालो, तर म्हणतो, "सरकार, पाहुणा आला की नाही हे पाण्याला काय मालूम? त्याला तो रोज साफ राहनाच पडेल."

सौ.चा उजवा खांदा धरला आहे. हात कानाच्या वर जात नाही, वेणीही डाव्या हाताने कशीबशी घालते. दुपारी आतल्या कुंडाच्या पायरीवर पाय सोडून बसली होती. मला पाहून उठली आणि म्हणाली, "पाणी छान गार आहे. उतरू का जरा?"

मी समजावून सांगितले. पाहुण्यांच्या पाण्यात घरच्या माणसांनी उतरायचे नाही, हा पाहुणेखान्याचा नियम. मेहमानदाराची बायको कुंडात डुंबते आहे हे एखाद्या पाहुण्याने पाहिले तर काय राहिले? ती "बरं" म्हणाली. समजूतदार आहे. नियम सांगितला की पुन्हा विचारत नाही, हा तिचा मोठा गुण.

२९ एप्रिल

पहिले कुटुंब आले! लोहारद्याचे धान्याचे व्यापारी, बायको आणि पाच मुले. पाहुणेवहीत पहिले नाव लिहिण्याआधी टाक तीनदा पुसला, खोटे कशाला सांगू. रिवाजाप्रमाणे कुटुंबप्रमुखाचे नाव लिहिले आणि पुढे ‘सहपरिवार’. बायकांची नावे वहीत घ्यायची नाहीत, हे आमच्याकडे पहिल्यापासून. कोणाच्या घरच्या बायका कुठे उतरल्या याची कागदावर खूण राहू नये, ही त्यातली अदब.

मुलांना उथळ कुंड दिले. तिथे पूर्वी घोडे पाणी प्यायचे. दिवसभर मुले त्या पाण्यातून निघाली नाहीत. जेवताना मी नेहमीप्रमाणे यजमानांच्या पाठीमागे हात जोडून उभा राहिलो. ते दोनदा मागे वळून पाहून दीड पोळीवर उठले. पोट बिघडले असावे.

रात्री नवी जाहिरात लिहिली. मी एकदाच, एका शाही सफरीबरोबर, मुंबईचा समुद्र पाहिला आहे. त्याची आठवण होऊन वाक्य सुचले: ‘समुद्रकिनारी गेल्याचा आनंद, माळव्यातच!’ सौ. म्हणाली, "समुद्र जरा जास्त होतोय." मी म्हटले, जाहिरातीत थोडे जास्त असावेच लागते.

१६ मे

जास्त झाले.

देवासहून श्रीपाद आगाशे नावाचे शाळामास्तर आईला घेऊन आले. आई उमाबाई, सत्तरीच्या, गुडघे गेलेल्या. माहेर कोकणात हर्णैजवळ, लग्न होऊन देवासला आल्या त्या पंचावन्न वर्षांत परत गेल्या नाहीत. आता समुद्र पाहायचा म्हणून हट्ट धरून बसल्या. मास्तरांना एवढा प्रवास झेपणारा नाही. त्यांच्या हातात माझी जाहिरात पडली.

म्हातारी टांग्यातून उतरली आणि थेट म्हणाली, "कुठाय?"

बावीस वर्षांत पाहुण्यापुढे अशी मान खाली घालायची पाळी आली नव्हती. मी तळ्याकडे बोट केले. त्यांनी पदर डोक्यावर सारखा करून बराच वेळ पाहिले.

"अहो नारायणराव, समुद्राला पलीकडचा काठ नसतो. इथं तर पलीकडे म्हशी बसल्यात!"

आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले, ते हसण्यानेच असे धरून चालतो. मी माफी मागितली. टांगा परत न्यायला सांगितला. पण त्या म्हणाल्या, "आलेच आहे तर राहते चार दिवस. पाणी तर आहे ना?"

त्या रागावल्या नाहीत. हे उपकार मी विसरणार नाही. जाहिरातीतले ते वाक्य काळ्या शाईने खोडून काढले, एकशे चाळीस प्रतींत.

१९ मे

आजपासून ‘बायकांच्या पाण्याची वेळ’ सुरू केली. दुपारी तीन ते पाच. मी दाराशी तासावर तीन ठोके देतो, विठोबा मोठ्या कुंडावरच्या पुरुषांना बागेत नेतो, आणि मी खुर्ची रस्त्याकडे तोंड करून ठेवतो. आतल्या कुंडाभोवती उंच भिंत आणि ओवरी आहे, तरीही तोंड रस्त्याकडेच. पाच वाजता पुन्हा ठोके. राजवाड्यात हेच होते. पाहुणेखान्यात ही वेळ कधी एका मिनिटाने चुकली नाही.

आत फक्त उमाबाई आणि त्यांच्या सोबतीला सौ. पण गलका केवढा! भिंतीपलीकडून उमाबाईंचा आवाज खणखणीत: "सुभद्रे, पाय मार! अगं, जोरात मार! घाबरतेस काय, मी आहे ना!" बहुधा घोंगड्या तुडवून धुवायला घेतल्या असाव्यात. आमच्या घोंगड्यांना धुण्याची गरज होतीच. पाहुण्या असून या वयात मदत करतात, कोकणातली माणसे कामसू हेच खरे.

२ जून

उमाबाई चार दिवसांसाठी आल्या, त्याला आज अठरा दिवस झाले. मास्तर एकटेच देवासला गेले. गुडघे बरे वाटतात म्हणतात. विठोबाचे नारायण तेल बाटलीभर दिले होते, त्याचा गुण.

सौ.ने बाजारातून काय मागवावे? आठ वाळके भोपळे. मोठे, आतून पोकळ, भोक न पडलेले. आणि पाळण्याच्या दोरीसारखी सुती दोरी. मी विचारले, "देवासचे गाणारे लोक येतात म्हणून तंबोरे करणार आहेस की काय?" ती म्हणाली, "टांगून ठेवीन, दारात बरे दिसतात." बायकांच्या आवडीनिवडीत मी पडत नाही. जमुनाबाईने आणून दिले. ही नालछ्याची भाजीवाली. तीही आता तीन वाजता बायकांत जाऊन बसते, काम सोडून.

१४ जून

एक आनंदाची गोष्ट. सकाळी सौ.ने वरच्या फळीवरचा मेतकुटाचा डबा उजव्या हाताने सहज काढला. मी पाहत राहिलो. एप्रिलमध्ये हात कानाला लागत नव्हता! विठोबाला बोलावून त्याचे आभार मानले, जुना फेटा दिला. तो गोंधळून म्हणाला, "पण सरकार, वैनीसाहेबांना तो मैंने तेल..." मी त्याला पुढे बोलू दिले नाही. विनय चांगला, पण किती?

सौ.चे केस हल्ली संध्याकाळी ओले असतात. दिवसातून दोनदा नहाते, उन्हाळा आहे. गेरूची पुडीही मागवली आहे, ओवरीत रांगोळीभोवती ओढायला.

उमाबाई आज देवासला परत गेल्या. निघताना सौ.च्या गळ्यात पडल्या. मला म्हणाल्या, "नारायणराव, तुमचं तळं काही वाईट नाही हो." वहीत मी लिहिले: श्री. श्रीपाद आगाशे, सहपरिवार.

९ सप्टेंबर

पावसाळाभर लिहिण्यासारखे नव्हते. रस्ता तीन वेळा बंद, पाहुणे अकरा. तळे काठोकाठ भरले आहे. नालछ्याच्या बायका चिखल तुडवत येतातच. त्यांना मी पाहुणे म्हणत नाही. त्या सौ.कडे येतात, हळदीकुंकवाला यावे तशा. कोणी दुधी आणते, कोणी मक्याची कणसे. जमुनाबाई तर दारातूनच ओरडते, "अरे भिया, टन बजाओ नी! कितरी देर हुई गी!" राजवाड्याचा तास, आणि त्याला ही बाई टन म्हणते.

१० नोव्हेंबर

कार्तिकस्नानाने महिनाभर डोके उठवले. धारेहून मोटारीने बायका, हाटपिपल्याहून नात्यागोत्यातल्या बायका, बैलगाड्या दारात. आमचे मराठी लोक आहेत, माळवी आहेत, एक पंजाबी निर्वासित बाई दोन सुनांना घेऊन येते. तीन ते पाच भिंतीआड असा कल्लोळ, की बागेतले पुरुष पाहुणे चहा टाकून ऐकत बसतात. कोणी तरी ओरडते, मग एकदम शांतता, मग सगळ्या मिळून "होऽऽ" करतात आणि टाळ्या. फुगड्या असाव्यात. मला काळजी वाटते ती पुरुष पाहुण्यांच्या शांततेची. वहीत नावे किती? अठ्ठ्याऐंशी. पाच महिन्यांत दोनशे बारा कुठून आणू?

दिवाळीला राहून गेलेली सफेदी आता चालली आहे. विठोबाला आतल्या ओवरीची भिंतही रंगवायला सांगितली, तर सौ. दारात आडवी उभी राहिली. "ती भिंत नाही रंगवायची." का? "नाही रंगवायची." तीस वर्षांत या आवाजात ती माझ्याशी बोललेली नाही. मी सोडून दिले. चुना वाचला.

११ जानेवारी १९५२

देवासहून मास्तरांचे कार्ड. उमाबाई पौष शुद्धात गेल्या, झोपेतच. कार्डाच्या कडेला आडवे लिहिले आहे: "शेवटी समुद्राला नेऊ शकलो नाही म्हणून मी रडलो, तर आई म्हणाली, अरे, पोहले ना मी. पुरलं."

मला वाटते वात झाला असेल. शेवटी माणसाला भास होतात.

सौ.ने कार्ड वाचले आणि आतल्या कुंडाशी जाऊन बसली. दुपारपर्यंत चूल पेटली नाही. तीन वाजता मी तास वाजवला नाही. बायका आपण होऊन आल्या आणि आपण होऊन आत गेल्या. आज गलका नव्हता. उमाबाईंना माझा नमस्कार. खोट्या जाहिरातीला हसून माफ करणारी माणसे किती असतात?

३ मार्च

खात्याचे पत्र. १८ तारखेला उमाशंकरजी नावाचे अधिकारी वही तपासायला येणार.

नावे: एकशे सत्तावीस.

मी ती तीनदा मोजली. मग सौ.ला सांगितले. ती पीठ मळत होती. म्हणाली, "एवढ्या बायका येतात की." मी म्हटले, "बायका वहीत कुठे असतात?" तिने माझ्याकडे पाहिले. मग पुन्हा पीठ मळायला लागली. तिची उजवी करंगळी वाकडी आहे, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी जात्याच्या खुंट्यात सापडून मोडली होती. ती करंगळी पिठात उमटत होती आणि मी तेवढेच पाहत उभा होतो. जिन्याखालच्या खोलीत दोन माणसे कशी राहणार हा विचार मनातून जात नव्हता.

तरीही लिहितो. वर्ष चांगले गेले. वर्षभर दारात माणूस आला, तास वाजला, चूल पेटली. ज्याला नोकरीतून एका दुपारी काढले त्याला हेही कोण देते?

१७ मार्च

तयारी केली. कोरे पंचे, वाळ्याचे सरबत, पुरणपोळी. विठोबाने तेल कोमट करून पाहिले. उमाशंकरजींना आतले कुंड द्यायचे ठरवले, कारण ते सर्वांत देखणे. दरबारी पाहुणा आला की सगळे पाणी त्याचे, हा रिवाज. म्हणून उद्या बायकांची वेळ रद्द. सौ.ला तसे सांगितले.

"उद्याच?" ती म्हणाली. "उद्या तर त्या आल्याच पाहिजेत."

"उद्याच नकोत," मी म्हणालो.

१८ मार्च

आज काय झाले ते जसेच्या तसे लिहितो. माझ्या बाजूने काही सावरून घेणार नाही.

उमाशंकरजी अकराला आले. तिशीचा मुलगा, खादीचा कोट, बोलायला मृदू. कुंडात उतरायला त्यांना वेळ नव्हता, पुरणपोळीही अर्धीच खाल्ली. त्यांच्या मागे उभा राहिलो तर म्हणाले, "आप भी बैठिए ना, साहब, मुझसे ऐसे खाया नहीं जाता." बावीस वर्षांत हे मला कोणी सांगितले नव्हते. लोहारद्याचे व्यापारी आठवले.

वही त्यांनी पानोपान पाहिली.

"पोतनीस साहब, ये एक सौ सत्ताईस हैं."

"सहपरिवार आहेत," मी म्हणालो. "पुष्कळ जण सहपरिवार."

"परिवार का नाम कहाँ है? मैं ऊपर क्या दिखाऊँगा?" त्यांना खरेच वाईट वाटत होते, हे माझ्या कामाची सवय म्हणून मला कळते. "मुझे नाप लेना पड़ेगा. गोदाम के लिए."

तेवढ्यात दारात दोन बैलगाड्या आल्या. जमुनाबाई आणि पंधरा-वीस बायका. मी स्वतः जाऊन त्यांना परत पाठवले. जमुनाबाई काही बोलली नाही. तिने दारातल्या तासाकडे पाहिले आणि गाडी वळवायला सांगितली. वर्षभर जिच्या ‘टन’ला मी नावे ठेवली, तिच्या गप्प बसण्याने मला आज लाज वाटली.

विठोबाने टेप धरली. मोठे कुंड मोजले, घोड्यांचे मोजले. मग आतले. सौ. दाराशी उभी होती. रिवाजाने मी विचारले, "आत कोणी आहे का?"

"कोणी नाही," ती म्हणाली. "सगळ्यांना तुम्हीच परत पाठवलंत."

बायकांची वेळ सुरू केली त्या दिवसानंतर मी आत पाऊल टाकले नव्हते. ओवरीच्या खांबाला आठ भोपळे टांगलेले, दोऱ्या झिजून पांढऱ्या झालेल्या. आणि मागच्या भिंतीवर, जमिनीपासून माझ्या डोक्याच्या वरपर्यंत, तांबडे हात. गेरूचे पंजे. एकाशेजारी एक, रांगेने. लहान, मोठे, बांगड्यांची रेघ उमटलेले, एक चार बोटांचा.

उमाशंकरजींनी टेप सोडली. "यहाँ शादी हुई थी क्या?"

माझ्या कोठीतल्या भिंतीचे उत्तर मला माहीत नव्हते.

सौ. पुढे आली. परक्या पुरुषाशी ती आजवर दाराआडून बोलत आली आहे. आज पदर नीट केला आणि समोर उभी राहून म्हणाली, "नहीं साहेब. जो बाई ये कुंड अकेली तैरके पार की, भोपळ्याबगैर, उसका हाथ है. इस काठ से उस काठ."

"कितने हैं?"

"दोनशे चौदा. काल संध्याकाळपर्यंत."

ते छत्रीच्या टोकाने मोजायला लागले. साठपर्यंत जाऊन थांबले. मी मोजत नव्हतो. मी अगदी खाली, कोपऱ्यातल्या पहिल्या दोन पंजांकडे पाहत होतो. पहिला रुंद, सुरकुत्यांच्या भेगांसकट उमटलेला. त्याच्या शेजारी दुसरा. त्याची करंगळी वाकडी.

पाय मार, सुभद्रे. घोंगड्या नव्हत्या. ओले केस उन्हाळ्याचे नव्हते, खांदा विठोबाच्या तेलाचा नव्हता, आणि उमाबाईंना शेवटी भास झाला नव्हता. एवढे सगळे माझ्या पाठीमागे झाले, वीस पावलांवर, आणि मी खुर्ची रस्त्याकडे तोंड करून बसलो होतो. नियमाने.

"लेकिन माताजी," उमाशंकरजी हळू म्हणाले, "हाथ का नाम नहीं होता. दफ्तर नाम माँगता है."

"नाम मेरे को पाठ है," ती म्हणाली. "तुम लिखो तो मैं बोलती."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "आप लिखिए, पोतनीस साहब. अक्षर आपका अच्छा है. मैं बैठा हूँ."

मी ओवरीत मांडी घालून बसलो, वही मांडीवर. ती भिंतीशी उभी राहिली, एकेका पंजावर बोट ठेवत सांगू लागली. कुठल्या गावची, कोणाची कोण, किती दिवसांत पार केले. हाटपिपल्याची इंदिराबाई, हिला पहिल्या दिवशी पायरीवरून उतरायलाच तासभर लागला. जमुनाबाई, हिने तीन दिवसांत पार केले आणि बाजारभर सांगितले. पंजाबी बाईच्या दोन्ही सुना आणि मग सासू, सासू सर्वांत शेवटी आणि सर्वांत मोठ्याने ओरडणारी. कुसुमावती, धारेची, चार बोटांची, कडबा कापताना बोट गेलेली. पन्नासएक नावांनंतर माझी शाई संपली. विठोबा पळत जाऊन दुसरी दौत घेऊन आला. उमाशंकरजींनी कोट काढून ठेवला आणि पाय पाण्यात सोडले.

मधे मी विचारले, "गेरू का? कुंकू का नाही?"

"उमाबाई म्हणाल्या, कुंकवाने माझा हात कसा उठवू? गेरू सगळ्यांना चालतो."

वरच्या रांगेपासून सुरुवात केली होती, त्यामुळे खालची दोन नावे शेवटी आली. उमाबाई आगाशे लिहिले. मग तिने दुसऱ्या पंजाकडे बोट केले आणि गप्प राहिली. आपले नाव आपण कसे सांगायचे, म्हणून. मी विचारले नाही. मी लिहिले: सौ. सुभद्रा नारायण पोतनीस. तीस वर्षांच्या संसारात हे नाव मी कागदावर आज पहिल्यांदा लिहिले.

"तीन सौ इकतालीस," उमाशंकरजी म्हणाले, आणि खाली सही केली. जाताना पाटीकडे पाहून म्हणाले, "ये टेढ़ी है." विठोबा म्हणाला, "हो सरकार."

१९ मार्च

सकाळी जमुनाबाईच्या घरी जाऊन माफी मागितली. तिने मेथीची जुडी हातात दिली. "अबे भिया, रोवे क्यूँ है? तीन बजे टन बजई दीजो, बस."

बजावला.

२६ मार्च, पाडवा

गुढी सुभद्रेने उभारली, उजव्या हाताने, स्टुलाशिवाय. वर्षभर मी या वहीत पुष्कळांचे आभार मानले. खात्याचे, तेलाचे, विठोबाचे, राजवाड्याच्या शिकवणुकीचे. ते मागे घेत नाही. पण मागची पाने वाचली तेव्हा दिसले की जिचे मानायचे तिचे एकदाही मानले नाहीत. तिला पाण्यात उतरायला मनाई केली तेव्हा मात्र समजूतदार म्हणून शाबासकी दिली. ते पान फाडावेसे वाटले. फाडले नाही, राहू दे.

सकाळी तिला तसे सांगितले. उभ्या उभ्या, चुलीपाशी. "तुझे उपकार," एवढेच म्हणता आले. ती म्हणाली, "उपकार काय त्यात? तुम्ही तास वेळेवर वाजवलात म्हणून तर जमलं. एक दिवस तुम्ही वळून पाहिलं असतंत तर एक बाई पाण्यात उतरली नसती." माझे मन राखायला म्हणाली की खरेच, ठाऊक नाही. मला तिने तेवढे तरी दिले, ते घेतले.

मग एक गोष्ट कबूल केली. तीन कुंडांचा मेहमानदार, आणि मला पोहता येत नाही. कधीच येत नव्हते.

ती हसली. "ठाऊक आहे," म्हणाली. "वर्षभर काठापासून दोन हात लांब चालता." आणि खांबावरचा सर्वांत मोठा भोपळा उतरवून आणला.

पाहुणे अजून झोपले होते. मोठ्या कुंडावर कोणी नव्हते. तिने भोपळा माझ्या पाठीला बांधला, दोरीची गाठ तीनदा ओढून पाहिली. मी पायरीवर बसलो. पाणी पोटरीपर्यंत आले आणि मी थांबलो. मग दाराकडून ठोके ऐकू आले. एक, दोन, तीन. वर्षभर तो तास मीच वाजवला होता, बायकांसाठी. आज सुभद्रेने वाजवला, माझ्यासाठी. वाजवून आली, पायरीवर पदर खोचून बसली आणि म्हणाली, "हं. आता पाय मारा."